लुशोतोच्या डोंगरात जाताना

आमचा भाचा दारेसलामला हिशेबनीस म्हणून नोकरीस आहे. त्याच्या आग्रहाखातर आम्ही नवराबायको टांझानियाला जाऊन आलो. सुट्टीचे चार दिवस त्याने आम्हाला शहरात न ठेवता टांगा प्रांतातील लुशोतो जिल्ह्यात नेले. परत आल्यावर ओळखीच्या दोन घरांतून विचारणा झाली, कारण त्यांची मुले त्या भागात कामाला जायची आहेत. सोबत काय न्यावे, खायला काय मिळते, माणसे कशी आहेत, असे त्यांचे प्रश्न. त्यांना जे सांगितले तेच इथे थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

दारेसलामहून सकाळी बसने निघाले की उत्तरेच्या रस्त्याने सहा-सात तास लागतात. कोरोग्वे मागे पडले की रस्त्याच्या कडेने घायपाताचे मळे दिसू लागतात. आपल्याकडे बांधावरच्या केकताडाचे दोर वळतात, त्याच जातीतले हे झाड. जर्मन लोकांनी ते १८९३ साली इथे आणले. १९६१ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा जगात सर्वात जास्त घायपात इथेच पिकत होता. दूरदूरच्या जिल्ह्यांतून मजूर आणून या मळ्यांवर राबवले गेले. पुढे नायलॉनचे दोर आले, भाव कोसळला आणि बरेच मळे ओस पडले.

म्होंबो हे गाव पायथ्याशी आहे. तिथून लुशोतो सुमारे ३३ किलोमीटर, सगळा चढ आणि वळणे. वाटेत सोनी गावाजवळ धबधबा लागतो. खाली घामाने अंग भिजलेले असते आणि वर १४०० मीटरवर स्वेटर लागतो. पहिल्या सकाळी सौ. म्हणाल्या, "हे तर महाबळेश्वर!" बटाटा, कोबी, गाजर, टोमॅटो पाहून तसे वाटते खरे. ट्रक भरभरून ही भाजी दारेसलामला जाते. पण महाबळेश्वर म्हणून पाहायचे तर हेही लक्षात ठेवावे की थंड हवा शोधत साहेब आला तो इथेही. जर्मनांनी आपल्या बादशहाच्या नावावरून या गावाला 'विल्हेल्मस्टाल' म्हटले. १८९५ साली त्यांनी म्पुता या स्थानिक राजाला फासावर चढवले.

या डोंगरात राहणाऱ्यांना शांबा म्हणतात. त्यांच्या पहिल्या राजाची, म्बेगाची, कथा इथे लहान पोरही सांगते. म्बेगाचे वरचे दात आधी आले. असे मूल अपशकुनी म्हणून मारून टाकायची रीत होती. आईबापांनी त्याला वाचवले, पण थोर झाल्यावर भाऊबंदांनी विटाळासारखे दूर लोटले. तो शिकारी झाला, रानडुकरे मारत या डोंगरात आला, मिळालेले मांस गावोगाव वाटू लागला. वुगा इथे त्याने सिंह मारला आणि लोकांनी त्यालाच राजा केले. कथेत इतिहास किती ते पंडितांनी ठरवावे. जन्माने बाद ठरवलेल्या परक्याला राजा करणारी कथा एक समाज पिढ्यान्‌पिढ्या अभिमानाने सांगतो, एवढे आम्हाला पुरे झाले.

आता जी गोष्ट तिकडे कामाला जाणाऱ्याने नीट ऐकावी ती. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्रज अधिकाऱ्यांनी पाहिले की उतारावरची माती पावसात वाहून जाते. ते खरेच होते. त्यांनी आधी म्लालो भागात आणि मग पुष्कळशा डोंगरात बांधबंदिस्तीचा हुकूम काढला. प्रत्येकाने आपल्या शेतात आडवेतिडवे वरंबे घालायचे. त्या वरंब्यांना तिथे 'मतुता' म्हणतात. फार उभ्या उतारावर पेरायचेच नाही. मजुरी नाही, उलट हुकूम मोडला तर खटला. हुकूम बजावायला गावचे सरदार होतेच.

कुदळ कोणाच्या हातात होती? बहुतेक बायकांच्या. आणि उभा उतार कोणाच्या वाट्याला आला होता? ज्यांना दरीतली चांगली जमीन नव्हती त्यांच्या. म्हणजे गरिबाला त्याच्या एकुलत्या तुकड्यावर पेरायला बंदी. ही जमीन पुढे सरकार घेणार, अशीही धास्ती होती. लोक बिथरले. सभा भरल्या, न्येरेरेंच्या टानू पक्षाला डोंगरात पाय रोवता आले आणि १९५७ च्या सुमारास सरकारला योजना गुंडाळावी लागली. १९६३ साली स्वतंत्र देशाच्या सरकारने सरदारांची सत्ताही कायद्याने काढून घेतली. स्टीव्हन फायरमन या अमेरिकन इतिहासकाराने हा सगळा वृत्तांत १९९० साली पुस्तकात मांडला आणि या शेतकऱ्यांना सरळ 'विचारवंत' म्हटले. हा शब्द आम्हाला फार आवडला.

माती मात्र वाहतच राहिली. १९८१ पासून जर्मन मदतीने दुसरी योजना आली. तिच्यात बांधाऐवजी उतारावर आडव्या गवताच्या पट्ट्या आणि झाडे होती. माती अडते आणि गाईला चाराही मिळतो, म्हणून ती कित्येकांनी आपखुशीने लावली. एका शेतावर आम्हीही त्या पट्ट्या पाहिल्या. शेताची मालकीण कुठे गवत, कुठे घेवडा, कुठे केळ हे बोट दाखवून सांगत होती. भाचा भाषांतर करता करता थकला, बाई थकली नाही. तेव्हा शिकवायला जाणाऱ्यांनी पहिले काही महिने ऐकण्याचेच काम करावे, असा आमचा सल्ला आहे.

भाषेचे भय बाळगू नका. घरात शांबा भाषा, बाजारात स्वाहिली. दुकानाला 'दुका', गाडीला 'गारी', पैशाला 'पेसा', विम्याला 'बिमा', लाखाला 'लाकी' म्हणतात. कचुंबर तर 'कचुंबारी' होऊन ताटात येते. 'बेपारी' हा आपला व्यापारीच, पण स्वाहिलीत त्याचा अर्थ भांडवलदार असा झाला! हा अर्थ कोणाच्या वागण्यामुळे आला ते आपण ओळखावे. आपले लोक तिथे गेले ते जातीही बरोबर घेऊन गेले. दारेसलामला जातवार, पंथवार वेगळे सभागृह पाहून आम्ही ओशाळलो. नव्याने जाणाऱ्याने तेवढे सामान घरीच ठेवावे, आणि काळ्या माणसाविषयी आपल्याकडे जे सर्रास बोलले जाते तेही.

वडीलधाऱ्यांना 'शिकामू' म्हणायचे, त्यांनी 'मारहाबा' म्हणायचे. त्याचा मूळ अर्थ 'आपले पाय धरतो' असा असल्याचे कळले तेव्हा आम्ही दचकलो. गुलाम मालकाला असे म्हणत, असेही सांगतात. जोहार घालणाऱ्यांची आम्ही नातवंडे, जीभ उचलेना. पण मग पाहिले, शाळेचा गणवेश घातलेली मुलगी रस्ता झाडणाऱ्या म्हातारीला थांबून शिकामू म्हणाली आणि म्हातारी ऐटीत मारहाबा म्हणाली. इथे मान वयाला आहे. मग आम्हीही म्हणू लागलो.

बाकी किरकोळ. मोठा पाऊस मार्च ते मे, लहान पाऊस वर्षअखेरीस. जून ते ऑगस्ट चांगली थंडी. मुसलमान वस्ती मोठी, ख्रिस्तीही पुष्कळ, तेव्हा अंगभर कपडे बरे. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा म्हणजे उगाली, सोबत घेवड्याची उसळ. चपातीही मिळते. पायथ्याला मलेरिया आहे, मच्छरदाणी न्यावी. प्लास्टिकच्या पिशव्यांना २०१९ पासून बंदी आहे, बायकोच्या बॅगेतल्या साऱ्या पिशव्या आम्ही घरीच काढल्या. इरेंते कड्यावर पायी जावे, खाली मसाई लोकांचे मैदान दिसते. दारेसलामला थांबलात तर उपांगा भागात सिंहली बौद्धांनी उभारलेला जुना विहार पाहा.

एक घोटाळा आमच्यासारखा करू नका. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजते. सकाळी सातला 'सा मोजा', म्हणजे एक वाजला. परतीच्या बसची वेळ विचारली तर 'सा तातू' म्हणाले. तातू म्हणजे तीन, हे पाठ होते. आम्ही दुपारी तीनला ऐटीत स्थानकावर हजर! बस सकाळी नऊलाच गेली होती. चहावाल्या आजीने बाक पुसून दिला आणि बोटांवर सहा तास मोजून दाखवले. दुसऱ्या दिवशी आम्ही आठलाच जाऊन बसलो.