कॅमेरा आपल्याला कुठे बसवतो?

सिनेमा पाहून बाहेर पडलं, की आपण मराठी माणसं त्यातल्या पात्रांची उणीदुणी अशी काढतो, जणू ती आपल्याच वाड्यातली बिऱ्हाडं! "सून बिचारी किती सोशिक!" "तो वकील मात्र आतल्या गाठीचा वाटला बाई!" ही मतं अगदी आपली स्वतःची आहेत, अशी आपली खात्री असते. पण सुनेकडे कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या पातळीवरून पाहत होता आणि वकिलाकडे जमिनीलगत बसून, हे आपल्या ध्यानीमनीही नसतं.

आमच्या मंडळात महिन्याला एक चित्रपट दाखवण्याचं काम काही वर्षं माझ्याकडे आहे. पडदा लावणं, खुर्च्या मांडणं, मध्यंतरातला चहा. या हमालीचा एक फायदा म्हणजे पडद्याच्या कडेला उभं राहून प्रेक्षकांचे चेहरे पाहायला मिळतात. कधीकधी ते सिनेमापेक्षाही रंगतदार असतात!

याविषयीचा एक ढोबळ नियम बहुतेकांना ठाऊक असतो. कॅमेरा खाली ठेवून वर पाहिलं, की माणूस भव्य दिसतो. उंचावरून खाली पाहिलं, की केविलवाणा. मंडपातल्या गणपतीकडे आपण मान वर करूनच पाहतो, तसंच काहीसं. पण हा नियम पाढ्यांसारखा घोकून चालत नाही. ऑर्सन वेल्सच्या १९४१ सालच्या 'सिटिझन केन'मध्ये केन निवडणूक हरतो, त्या रात्रीचा प्रसंग आठवा. कॅमेरा इतका खाली हवा होता, की त्यासाठी सेटची जमीन फोडली होती. केन पडद्यावर राक्षसासारखा उंच दिसतो, आणि डोक्यावरचं छत मात्र त्याला दाबून टाकायला आल्यासारखं वाटतं. सर्वस्व हरलेला माणूस आणि त्याचा एवढा मोठा आकार! त्याचा पोकळपणा आपल्याला कळतो तो याच विसंगतीतून.

आपल्याकडेही ही जाण फार लवकर आली होती. प्रभात कंपनी कोल्हापूरहून पुण्याला आल्यावर व्ही. शांताराम यांनी १९३४ साली 'अमृतमंथन' काढला. त्याच्या हिंदी आवृत्तीत राजगुरूचं काम चंद्रमोहन यांनी केलं होतं. लांबचं जवळ आणणारं भिंग वापरून शांतारामबापूंनी त्यांचा नुसता एक डोळा पडदाभर दाखवला. माझे आजोबा उतारवयातही त्या डोळ्याबद्दल बोलत. कथानक ते बरंचसं विसरले होते, डोळा विसरले नव्हते. राजगुरू क्रूर आहे हे त्यांना कुणा पात्राने सांगावं लागलं नाही. त्या डोळ्यापुढे कॅमेऱ्याने त्यांना एकट्याला उभं केलं होतं, तेवढं पुरे होतं.

पण माझ्या मते कोनापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे सोबत. कॅमेरा आपल्याला कुणाशेजारी बसवतो, ही. हिचकॉकचा 'सायको' (१९६०) आम्ही मंडळात दाखवला, तेव्हा याचा पुरावाच मिळाला. नायिकेचा खून होतो. मग नॉर्मन ती न्हाणीघराची खोली धुतो, पुसतो, सगळं आवरतो. बराच वेळ, जवळजवळ एक शब्दही न बोलता. नायिका तर गेली, आता आपल्याला सोबत त्याचीच. मग तो तिची गाडी दलदलीत ढकलतो. गाडी बुडू लागते आणि अर्ध्यावर थांबते! त्या क्षणी आमच्या सभागृहातले एक अत्यंत सभ्य, निवृत्त काका चक्क म्हणाले, "अगं, बुड की!" सगळे हसले. गाडी बुडाली, काकांनी सुस्कारा सोडला, आणि हसू ओसरल्यावर सभागृहात चमत्कारिक शांतता पसरली. पुरावा बुडावा म्हणून आपण सगळेच श्वास रोखून बसलो होतो, हे एव्हाना प्रत्येकाला कळलं होतं. इथे ना डोळा पडदाभर झाला, ना जमीन फोडावी लागली. हिचकॉकने आम्हाला फक्त त्या माणसाबरोबर काम करत ठेवलं.

आणि चौकटीबाहेर राहणाऱ्याचं काय? आमच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट पुढे सीडीवर उतरवून घेतली, तेव्हा माझी मुलगी आठ वर्षांची होती. तीन तासांची ती फिल्म तिने मोठ्या कौतुकाने पाहिली. फेटेवाले मामा, स्टेजवर आहेर घेऊन येणारी माणसं, पंगतीत जिलबीचा आग्रह करणारे काका. शेवटी तिने विचारलं, "आजी लग्नाला आली नव्हती का?" माझी आई त्या दिवशी पहाटे चारपासून उभी होती. रुखवत, मानपान, भटजींचं साहित्य, कोण जेवलं, कोण राहिलं, सगळं तिच्या डोक्यावर. कॅमेरा होता स्टेजसमोर, आणि आई सदैव त्याच्या पाठीमागे. कन्यादानाला ती दिसते, तीही खाली घातलेली मान. माझ्या लेकीच्या दृष्टीने त्या लग्नाचे नायक होते फेटेवाले मामा! व्हिडिओवाल्याने काही खोटं दाखवलं नव्हतं. त्याने फक्त कॅमेरा कुठे उभा करायचा, ते ठरवलं होतं.

म्हणूनच चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) मला फार महत्त्वाचा वाटतो. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावरचा खटला आपण बहुतेक वेळ दुरून, जागच्या जागी स्थिर असलेल्या कॅमेऱ्यातून पाहतो. कुणाच्या डोळ्यांतलं पाणी टिपायला तो धावत नाही. शाहिरांविरुद्ध उभी असलेली सरकारी वकील लोकलने घरी जाते, मुलाला घेते, स्वयंपाकाला लागते, तिथेही तो तितक्याच शांतपणे जातो. तिला खलनायिका ठरवून मोकळं व्हायची सोयच आपल्याला मिळत नाही. शेवटाकडे कोर्ट रिकामं होतं, दिवे मालवले जातात, तरी कॅमेरा काळोखात तिथेच. कुणाचा राग धरावा, हे त्या अंधारात बसून आपलं आपण ठरवायचं.

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३) याच्या बरोबर उलट वाटेने जातो. कितीतरी वेळ आपण जब्याच्या शेजारी असतो, त्याच्यासारखेच लपून शालूकडे पाहतो. मग सगळ्या गावादेखत त्याच्या घरच्यांना डुक्कर धरावं लागतं, आणि गावकरी मॅच पाहावी तसे बसून हसतात. कॅमेरा आता अधूनमधून त्या हसणाऱ्यांकडेही जातो. अखेर चिडलेला जब्या दगड भिरकावतो. शेवटचा दगड थेट कॅमेऱ्याच्या रोखाने, म्हणजे आपल्याकडेच, येतो आणि चित्रपट संपतो.

त्या दिवशी आमच्याकडचा चहा तसाच राहिला. एक काकू म्हणाल्या, "इतक्या लांब राहणाऱ्या मुलांना आपलं गाव म्हणून हे दाखवायचं? काहीतरी छान दाखवा ना!" त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. इथे वाढलेल्या मुलांना महाराष्ट्र भेटतो तो सुट्टीतल्या तीन आठवड्यांत, आणि बाकी सगळा पडद्यावर. पण म्हणूनच मला वाटतं, की त्यांना एकाच खुर्चीत बसवून ठेवणं बरं नव्हे. स्टेजसमोरची खुर्ची आपण त्यांना नेहमीच देतो. ढोलताशा, नऊवारी, पुरणपोळी, सगळं तिथून सुरेख दिसतं. माझी आई मात्र तिथून दिसत नाही, आणि जब्याही दिसत नाही.

कॉलेजात जाणारा एक मुलगा खुर्च्या उचलायला थांबला होता. म्हणाला, "मावशी, दगड आला तेव्हा मी मान चुकवली. मग वाटलं, मी तर जब्याच्या बाजूचा होतो, मग मी का चुकवली?" मी काही उत्तर दिलं नाही. असा प्रश्न पडलेल्या मुलाला उत्तराची घाई नसावी.

यंदाच्या कार्यक्रमांची यादी समितीपुढे ठेवली आहे. त्यात विनोदी चित्रपट दोन आहेत, काकूंच्या आवडीचा एक जुना कौटुंबिकही आहे. आणि नोव्हेंबरात पुन्हा 'फँड्री'.