मधला दुभाषी

लग्न होऊन बेळगावहून ग्वाल्हेरला आले, तेव्हा ‘कंपू’ हे वस्तीचे नाव ऐकून हसू आले होते. दौलतराव शिंद्यांनी 1810च्या सुमारास टाकलेल्या छावणीचे पुढे लष्कर हे शहर झाले. कंपू हा शब्दही फौजेचाच. तिथल्या एका दवाखान्यात मी समाजसेविका आहे.

एकदा चिकोडीकडचे जोडपे आले. (तिला विचारून, तपशील बदलून लिहिते आहे.) बाईला हिंदी येईना, म्हणून उत्तरे नवरा देई. “झोप लागत नाही, बाकी काही नाही.” ती मात्र पुटपुटली होती, “साकागेति, बदुकूद ब्याड.” पुरे झाले, जगणे नको! मला कन्नड येते हे दोघांनाही ठाऊक नव्हते.

नवऱ्याला केसपेपर काढायला पाठवले आणि तिच्याशी कन्नडमध्ये बोलले. ती ढसाढसा रडली. “यारिगू हेळब्याड्री, अक्का.” कुणाला सांगू नका.

आता काय करायचे? 2017चा मानसिक आरोग्य कायदा रुग्णाचे बोलणे गुप्त ठेवायला सांगतो. जिवाला धोका असेल तर मात्र तो टाळण्यापुरती माहिती देता येते. त्या ‘पुरती’वरच सगळे अडते. खोदून विचारले, तर जीव द्यायचे तिने ठरवूनच ठेवले होते. मग तिला म्हटले, “डॉक्टरांना सांगणार, तुझ्यादेखत. घरी कुणाला कळवायचे ते तू ठरव.” तिने भावाचे नाव घेतले.

डॉक्टरांनी दाखल करून घेतले. भाऊ गोवा एक्स्प्रेसने आला. “मला का नाही सांगितलंत?” नवऱ्याने विचारले. माणूस वाईट नव्हता. लाजेपोटीच त्याने बायकोचे शब्द गिळले असावेत. तो अजून माझ्याशी बोलत नाही.