खोली आणि खिडकी

संपर्कसत्राचा तो शेवटचा रविवार होता. बोलींच्या अभ्यासाचा घटक शिकवून संपला, वर्ग पांगला. पण तिसऱ्या बाकावरच्या एक विद्यार्थिनी जागच्या उठल्या नाहीत. वय पस्तिशीच्या आसपास. तालुक्याच्या गावी एका झेरॉक्सच्या दुकानात त्या ओळखपत्रांचे फोटो काढतात, एवढे मला ठाऊक होते. त्यांनी पिशवीतून दोन कागद काढून माझ्यापुढे ठेवले. पहिला बँकेला द्यायचा अर्ज होता. "सर, यातले शुद्धलेखन तेवढे पाहता का?" दुसरा कागद म्हणजे कॅमेऱ्याच्या दुकानातले कोटेशन होते: फुल-फ्रेम मिररलेस कॅमेरा, सोबत एक लेन्स, एकूण रुपये 2,85,000. लग्नसमारंभांचे छायाचित्रण हा स्वतःचा व्यवसाय त्यांना सुरू करायचा होता. कर्ज सोनेतारण होते आणि तारण होते आईच्या पाटल्यांचे.

अर्जात चुका दोनच होत्या. त्या दुरुस्त केल्या. पण कागद परत देताना माझा हात थबकला. त्याचे कारण तीस वर्षांपूर्वीचे आहे.

1994 साली पीएच.डी.साठी मी सिंधुदुर्गातील बोलीचे नमुने गोळा करत होतो. शिष्यवृत्तीतून पैसे साठवून परवडणार नाही असा कॅसेट रेकॉर्डर घेतला. वेगळ्या मायक्रोफोनसाठी पैसे उरले नाहीत. यंत्रात एक बसवलेला आहेच, असे म्हणून मी मनाची समजूत घातली. एका वाडीत सत्तरी ओलांडलेल्या एक आजी माझ्यासाठी मुद्दाम जात्यावर बसल्या. दोन तास त्यांनी ओव्या म्हटल्या. मी यंत्र जात्याशेजारी जमिनीवर ठेवले होते. परत येऊन ऐकतो तो जात्याची घरघर अगदी स्वच्छ, आणि आजींचा आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा. स्वर होते, शब्द नव्हते. पदराला टाचता येईल असा एक लहानसा मायक्रोफोन असता, तर साधे यंत्रही पुरले असते. पुढच्या वर्षी तो मिळवून मी पुन्हा त्या वाडीत गेलो, तेव्हा आजी नव्हत्या. माझा प्रबंध पूर्ण झाला. पण त्या कॅसेटमधील ओव्या त्यात नाहीत.

ही हकिकत मी त्या विद्यार्थिनींना सांगितली. मग भाषेच्या माणसाने करावे तेच केले. शब्द उलगडू लागलो. लॅटिनमध्ये 'कॅमेरा' म्हणजे खोली. आपल्याकडे पोर्तुगिजांमार्फत आलेला 'कमरा' हा त्याच घरातला शब्द. 'लेन्स' म्हणजे मसूर. भिंगाचा आकार मसुराच्या दाण्यासारखा, म्हणून हे नाव. 'फोटोग्राफी' हा शब्द ग्रीक घटकांपासून बनला आहे आणि त्याचा अर्थ प्रकाशाने केलेले लेखन. आपण मात्र 'छायाचित्र' म्हणून सावलीला मान दिला. तात्पर्य एवढेच, की कॅमेरा ही अंधारी खोली आहे आणि लेन्स ही तिची खिडकी. उजेड यायचा तो खिडकीतूनच.

कोटेशन पुन्हा पाहिले. खोली प्रशस्त होती: फुल-फ्रेम, म्हणजे 36 बाय 24 मिलिमीटरचा सेन्सर. सोबतची खिडकी मात्र अरुंद. झूम केल्यावर तिचे छिद्र एफ/5.6 पलीकडे उघडत नव्हते. आपल्याकडची मंगल कार्यालये आठवा. गोरज मुहूर्त, अंतरपाट, मुंडावळ्यांची सावली चेहऱ्यावर आणि वर पिवळट दिवे. तिथे एफ/1.8 ची साधी 50 मिलिमीटरची लेन्स या लेन्सपेक्षा नऊ-दहा पट उजेड आत घेते. मोठ्या सेन्सरचा लाभ नाही असे नव्हे. पण मध्यम आकाराच्या सेन्सरहून त्याचे क्षेत्रफळ सव्वादोन-अडीच पटच भरते. अर्थात छिद्र पूर्ण उघडले की थोडाच भाग सुस्पष्ट राहतो. तीन रांगांतल्या वऱ्हाडाच्या फोटोला ते आवळावे लागते आणि उजेडासाठी फ्लॅश लागतो. कोटेशनमध्ये फ्लॅश नव्हता.

त्यात आणखीही काही नव्हते. मंगलाष्टके पुन्हा म्हणता येत नाहीत. ऐन मुहूर्ताला कॅमेरा बंद पडला तर दुसरा हाताशी हवा. तो रोजच्या भाड्यानेही मिळतो. जादा बॅटरी हवी, एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो साठवण्याची सोय हवी आणि घरी आल्यावर त्यांच्या प्रती ठेवायला दोन हार्ड डिस्क. जुना कॅमेरा घ्यायचा तर त्याचे शटर आजवर किती वेळा पडले, हे विचारून घ्यायचे. पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते. तिला हवाबंद डबा आणि सिलिका जेल पुरते.

त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "सर, तुमचे म्हणणे पटते. पण गेल्या वैशाखात मैत्रिणीच्या बहिणीच्या लग्नात मी लहान कॅमेरा घेऊन उभी होते. मुलीच्या मामांनी मलाच विचारले, फोटोग्राफर अजून आले नाहीत का? मी बाई, त्यात कॅमेरा लहान."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजींनी माझ्या रेकॉर्डरची किंमत विचारली नव्हती. यांच्या गिऱ्हाइकांचे डोळे मात्र आधी कॅमेऱ्यावर जाणार होते. साधनाची एक किंमत बिलावर असते आणि दुसरी पाहणाऱ्याच्या नजरेत. व्यवसाय करणाऱ्याला दुसरी नाकारून चालत नाही. ती पुस्तकात वाचून मला कळली नसती.

त्यांनी काढलेला मार्ग त्यांचाच होता. अर्ज त्यांनी फाडला नाही. घडी घालून पिशवीत ठेवला. साठवलेल्या पैशांतून मध्यम सेन्सरचा एक वापरलेला कॅमेरा, 50 मिलिमीटरची लेन्स आणि फ्लॅश घ्यायचा. लग्नाची सुपारी मिळेल तेव्हा मोठा कॅमेरा भाड्याने आणायचा, म्हणजे मामांचेही समाधान आणि हाताशी दुसरे यंत्रही. दहा लग्ने झाल्यावर अर्जाचा विचार.

परीक्षेच्या दिवशी त्या पुन्हा भेटल्या. तोवर दोन लग्ने झाली होती. एकात फ्लॅशची बॅटरी मध्येच संपली, हे त्यांनी आपणहून सांगितले. मग एक फोटो दाखवला: चुलीपुढे भाकरी थापणारे आईचे हात. उजेड फक्त जाळाचा होता. पिठाने भरलेल्या मनगटांवर पाटल्या दिसत होत्या. मी तो बराच वेळ पाहत राहिलो. तेवढ्यात परीक्षेची घंटा झाली आणि त्या घाईने आत गेल्या.