मोजलेले केस

केसरोपण म्हणजे डोक्यावर नवे केस लावतात, असं आमच्या घरात सगळ्यांना वाटायचं. दादाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा कळलं, की एकही नवा केस कुणी तयार करत नाही. डोक्याच्या मागचे आपलेच केस मुळासकट काढायचे आणि पुढे लावायचे, एवढंच. संख्या वाढत नाही, जागा बदलते. दादा भैंशातल्या एका जिनिंगमध्ये हिशेब लिहितो. त्याने ते लगेच आपल्या भाषेत बसवलं, "म्हणजे या खात्यातून त्या खात्यात. नवीन जमा काही नाही."

मागचे केस पुढे लावले तर तेही गळणार नाहीत का, हा माझा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर मला फार आवडलं. पुरुषांच्या टकलामागे बहुतेक वेळा डीएचटी नावाचं संप्रेरक असतं. ते टेस्टोस्टेरॉनपासून बनतं. ज्यांना हा वारसा मिळालेला असतो, त्यांच्या कपाळावरची आणि टाळूवरची केसांची मुळं त्याच्यापुढे हळूहळू बारीक होत जातात. कानांच्या वरच्या आणि मानेकडच्या मुळांवर मात्र त्याचं फारसं चालत नाही. म्हणून तर पूर्ण टक्कल पडलेल्या माणसालाही मागे एक झालर उरते. न्यूयॉर्कचे डॉक्टर नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिलं, की मागचं मूळ पुढे लावलं तरी ते आपला मूळचा स्वभाव सोडत नाही. त्यांचा निबंध १९५९ मध्ये आला. त्याच्या वीस वर्षं आधी, १९३९ मध्ये, जपानमध्ये शोजी ओकुदा यांनी केसरोपणावर लिहिलं होतं, पण महायुद्धाच्या धामधुमीत ते काम बाहेर पोचलंच नाही.

आमच्याकडे वारसा पप्पांचा. पप्पांना पंचविशीतच टक्कल पडलं आणि त्यांनी कधी त्याची पर्वा केली नाही. "माझं लग्न झालंच की," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दादाचे केस तेविसाव्या वर्षापासून जायला लागले. तोही हसायचा. दुसऱ्याने विनोद करायच्या आत आपणच करून मोकळा व्हायचा. एका स्थळाकडून निरोप आला, की मुलगा चांगला आहे पण वयस्कर दिसतो. तेव्हा त्याने ते जेवताना नक्कल करून सांगितलं आणि आम्ही सगळे हसलो. पण गेल्या दोन वर्षांतले घरातले फोटो पाहिले, तर दादा एकाही फोटोत नाही. फोन नेहमी त्याच्याच हातात असतो. काढणारा तो.

२०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात, बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांमध्ये लोकांचे केस काही दिवसांतच गळायला लागले. आयसीएमआरचं पथक तपासायला गेलं. त्या गावच्या पोरीबाळींवर काय वेळ आली असेल, असं आई म्हणत राहिली. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र विनोदांचा पाऊस पडला. सगळ्यात जास्त विनोद दादानेच पुढे पाठवले. त्याच रात्री त्याने मला हैदराबादच्या एका क्लिनिकचा दरपत्रक दाखवला आणि विचारलं, "तुला काय वाटतं?"

खर्च शहाण्णव हजारांच्या घरात. एका ग्राफ्टला पंचेचाळीस रुपये, असे दोन हजार दीडशे ग्राफ्ट. ग्राफ्ट म्हणजे मुळांचा एक पुंजका, त्यात एकापासून चारपर्यंत केस असतात. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. दादाने मनातल्या मनात भागाकार केला. "जवळजवळ तेरा क्विंटल कापूस. डोक्यावर घेऊन फिरायचं म्हणजे!" माझी कॉलेजची फी तीन वर्षं त्याने भरली, तेव्हा त्याने असला भागाकार केल्याचं मला आठवत नाही. मी म्हटलं, "कर."

मे महिन्यात कानपूरची बातमी आली. केसरोपणानंतर एक इंजिनिअर दगावला होता. आईने ऑपरेशन नको म्हणून जेवण सोडलं. मुंबईतही २०१९ मध्ये एका व्यावसायिकाचा असाच मृत्यू झाला होता. एकाच बैठकीत त्याच्या डोक्यावर नऊ हजारांहून जास्त ग्राफ्ट लावले होते, असं तेव्हा छापून आलं होतं. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून केलेलं शिक्षण यासाठी पुरेसं नाही, हे त्यांना लिहून सांगावं लागलं, यावरूनच काय चाललं होतं ते कळतं. मग आम्ही प्रश्नांची यादी केली. छेद स्वतः डॉक्टर देणार की टेक्निशियन? डॉक्टरांची नोंदणी कोणत्या कौन्सिलची? ॲलर्जीची रिअ‍ॅक्शन आली तर ऑक्सिजन आणि औषधं खोलीत आहेत का? दादाने एकेक उत्तर वहीत लिहून घेतलं आणि आईला वाचून दाखवलं. तेव्हा आई जेवली.

गुरुवार, ५ जून. रक्ताच्या तपासण्या आधीच झाल्या होत्या. सकाळी डॉक्टरांनी पेनाने कपाळावर रेघ काढली. दादाला ती अजून बोटभर खाली हवी होती. डॉक्टरांनी नाही म्हटलं. पंचेचाळिशीतही शोभली पाहिजे, आणि मागचा साठा जन्माला एकदाच मिळतो, तो आत्ताच संपवायचा नाही, असं त्यांनी समजावलं. मग पूर्ण डोकं बारीक केलं. सगळ्यात दुखतं ते बधिर करायचं इंजेक्शन, पुढचं काही कळत नाही, असं दादा सांगतो. आधी पालथं झोपवून मिलिमीटरभर तोंडाच्या गोल पात्याने मागचं एकेक मूळ सुटं केलं. ती मुळं थंड सलाइनमध्ये ठेवून एक केसाची, दोन केसांची, तीन केसांची अशी वेगळी लावली. एकेरी केस पुढच्या रांगेला, म्हणजे रेघ नैसर्गिक दिसते. दुपारी त्याला इडली दिली. मग पुढच्या भागात बारीक छेद आणि त्यात एकेक मूळ. सकाळी आठला आत गेलेला माणूस संध्याकाळी पाचला बाहेर आला. डोक्यावर पट्टी, गळ्यात प्रवासातली उशी. म्हणाला, "मोजून घेतले. दोन हजार एकशे छप्पन्न. सहा फुकट."

रात्र हैदराबादला काढली. सकाळी पट्टी निघाली, आणि आम्ही निर्मलवरून भैंशाला आलो. खिडकीला डोकं टेकू नये म्हणून मी अख्खा रस्ता त्याच्या बाजूला हात आडवा धरून बसले.

ऑपरेशन डॉक्टरचं असतं, पण त्यानंतरचे दहा दिवस घरच्यांचे असतात. हे कुठल्याच जाहिरातीत नसतं. मुळं अजून धरलेली नसतात. खाज आली तरी खाजवायचं नाही. वाकायचं नाही, घाम येऊ द्यायचा नाही, उन्हात जायचं नाही. भैंशात जूनच्या पहिल्या आठवड्यात घाम येऊ द्यायचा नाही म्हणजे काय, ते इथल्या माणसालाच विचारा. भिंतीला तीन उशा लावून अर्धवट बसूनच झोपायचं. जागेपणी दर अर्ध्या तासाला सलाइनचा फवारा. तो मी मारायचे. केसालाही धक्का लागू देणार नाही, असं आपण सहज बोलून जातो. मी ते दहा दिवस शब्दशः केलं.

तिसऱ्या दिवशी कपाळ सुजलं. सूज खाली उतरून डोळ्यांवर आली आणि दादाचे डोळे नुसत्या फटी झाले. हे होतं, दोन-तीन दिवसांत ओसरतं, असं कागदावर लिहिलेलं होतं, तरी आई घाबरली. भुवयांच्या वर थंड पट्ट्या ठेवायच्या, पण ग्राफ्टना लागू द्यायच्या नाहीत. तो रविवार नेमका पेंटेकॉस्टचा. शिष्यांच्या डोक्यांवर अग्नी उतरला तो दिवस. दादा आरशासमोर फटीतून बघत म्हणाला, "माझ्यावर जरा जास्तच उतरला."

पाचव्या दिवसापासून धुणं. शॉवर नाही, चोळायचं नाही. लहान मुलांच्या शाम्पूचा फेस तळहातावर घेऊन नुसता टेकवायचा आणि तांब्याने पाणी सोडायचं. दादा स्टुलावर बसायचा, मी पाणी सोडायचे. त्याची मान मी इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. मागे शेकडो लाल ठिपके, पुढे बारीक खपल्यांच्या रांगा. मिरचीची रोपं लावलेलं वावर दिसावं तसं. घरातल्या कर्त्या पुरुषाच्या डोक्याला त्याच्या लहानपणानंतर कुणी हात लावत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. पहिल्या दिवशी तो अवघडून बसला होता. चौथ्या दिवशी त्याने डोळे मिटले.

प्रश्न होता तो गल्लीचा. भैंशात मराठी, तेलुगू आणि दखनी एकाच वाक्यात येतात, आणि मुंडण केलेल्या डोक्याला इथे एकच अर्थ असतो. सैल टोपीखालून मागचं डोकं दिसायचंच. किराणावाल्याने विचारलं, "गुंडू? तिरुपती पोयिनावा अन्ना?" शेजारच्या काकूंनी दर्शन कसं झालं म्हणून विचारलं. आम्ही कॅथलिक आहोत हे त्यांना माहीत आहे, पण देव सगळ्यांचाच, या हिशेबाने. चर्चच्या लोकांनी आईला फोन करून विचारलं, "वेलंकनीला नवस होता का?" कारण तिथेही मुंडण करतातच. आत्या म्हणाली, आयतंच उत्तर मिळतंय तर देऊन टाका, स्थळं बघायची आहेत.

मला तेव्हा गंमत वाटत होती. तिरुमलाला लोक केस देऊन येतात, त्याला तेलुगूत तलनीलालु म्हणतात. देवस्थान ते केस लिलावात विकतं. आपल्या चर्चमध्येही धर्मगुरू होण्याच्या वाटेवर केस कापण्याचा टॉन्शर विधी होता. पोप सहावे पॉल यांनी तो १९७२ मध्ये बंद केला. केस देण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही, ते परत मागण्यात वाटतो. अलीशा संदेष्ट्याला टकल्या म्हणून चिडवणाऱ्या पोरांवर अस्वलं आली, ही बायबलमधली गोष्ट कॅटेकिझममध्ये ऐकून आम्ही घाबरायचो. आता वाटतं, एवढ्या मोठ्या संदेष्ट्यालाही ते लागलंच होतं.

पुढचा रविवार १५ जून, पवित्र त्रैक्याचा सण. मिस्साला जायचं दादाने ठरवलं. चर्चमध्ये पुरुषांनी डोकं उघडं ठेवायचं, ही पौलाच्या काळापासूनची रीत. दारापर्यंत टोपी होती. आत शिरताना त्याने ती काढून खिशात घातली. पुढच्या बाकावरची दोन पोरं वळून बघत राहिली. मिस्सानंतर एक वयस्कर आन्टी जवळ आल्या आणि त्यांनी वेलंकनीचंच विचारलं. आत्याचं आयतं उत्तर समोर होतं. दादा म्हणाला, "नाही आन्टी, केस लावून घेतले. ऑपरेशन केलं." त्यांनी चष्मा वर करून नीट पाहिलं. "दुखलं का रे?" एवढंच विचारलं. इतकी वर्षं दादाच्या डोक्यावर खूप लोक बोलले होते. हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

त्यानंतर खपल्या गेल्या, आणि तिसऱ्या आठवड्यात लावलेले केसही गळायला लागले. हेही अपेक्षितच. धक्क्याने वरचा केस पडतो, मूळ आत राहतं, तीन-चार महिन्यांनी नवा फुटतो, आणि खरं रूप दिसायला वर्ष लागतं. पण हे माहीत असणं वेगळं आणि रोज सकाळी उशीवर ते केस बघणं वेगळं. आईने ते गोळा करून ठेवले. ती स्वतःचे विंचरलेले केसही पिशवीत साठवते, गल्लीत भांडीवाला आला की त्यावर वाटी-चमचा घेते. दादा म्हणाला, "हे पंचेचाळीस रुपयांवाले आहेत, त्याला नीट भाव सांग."

मत्तयच्या शुभवर्तमानात दहाव्या अध्यायात येशू शिष्यांना सांगतो, की त्यांचे केससुद्धा मोजलेले आहेत, म्हणून भिऊ नका. हे मी लहानपणापासून ऐकत आले आणि ते मला नेहमी देवाच्या हिशेबाबद्दलचं वाटायचं. दादाचे केस क्लिनिकने मोजले, दादाने मोजले, उशीवरचे आईने मोजले. मोजणं म्हणजे किंमत लावणं, आणि मोजणं म्हणजे जपणंही. दोन्हीला आपल्याकडे एकच शब्द आहे.

जुलैच्या शेवटी एक स्थळ आलं, नांदेडकडचं. त्यांनी फोटो मागवला. आत्या म्हणाली, डिसेंबरपर्यंत थांबा, नाहीतर चार वर्षांपूर्वीचा पाठवा. दादाने फोन माझ्या हातात दिला आणि अंगणात जाऊन उभा राहिला. "काढ. आत्ताचाच." पुढचे केस गळून गेलेले, मागचे नुकते वाढायला लागलेले, अशा सगळ्यात वाईट दिवसांतला तो फोटो. मी तीन काढले. त्याने त्यातला एक निवडला आणि खाली लिहिलं, की जूनमध्ये केसरोपण केलं आहे, अजून यायचे आहेत.