चार पर्यायांची मंजूषा

जुन्नर-आंबेगावातल्या शाळांत वावरत असाल, तर प्रश्नमंजूषेशी तुमची गाठ पडणारच. पाळण्यातलं नाव असं भारदस्त, पण पोरं तिला 'टेस्ट' म्हणतात. "सर, टेस्टची लिंक टाकली का?" एवढीच चौकशी. तिचं जुनं घर शिष्यवृत्तीच्या पेपरात : ७५ प्रश्न, ९० मिनिटं, प्रत्येकाला चार पर्याय. आता ती मोबाईलवरही राहते, कधी गूगल फॉर्ममध्ये, कधी मूडलमध्ये. घर बदललं, स्वभाव तोच.

पहिली ओळख हट्टाची. मूडलमध्ये प्रश्न लिहिला, चारही पर्याय भरले आणि बरोबर कोणता ते सांगायचं राहिलं, तर ती प्रश्न जतनच करू देत नाही. एका तरी पर्यायापुढे शंभर टक्के लिहा, मग पुढचं बोला. रात्री अकराला डोळे चोळत बसलेल्या बाईंना तिचा राग येतो. सकाळी वर्गात निकाल चोख लागला की त्याच बाई तिचं कौतुक करतात.

मूळची ती अक्षरशत्रू नव्हे, अक्षरवेडी. खोडदच्या महाकाय दुर्बिणीला एकूण किती तबकड्या, हे पर्याय न देता विचारा आणि उत्तराच्या खणात इंग्रजी आकड्यांतलं तीस भरून ठेवा. मग '३०' लिहिणारं पोर चुकलं, 'तीस' लिहिणारंही चुकलं. पोर खोडदचं असलं तरी तिला दयामाया नाही. शिवनेरीतली एक वेलांटी ऱ्हस्व झाली तरी तेच. म्हणून शहाणा शिक्षक तिच्यापुढे चार पर्याय ठेवतो. तेवढं केलं की ती शुद्धलेखन विसरते आणि पोराला काय माहीत आहे, एवढंच बघते.

पत्ते पिसायची तिला भारी हौस. शेजारी बसलेल्या दोघांना प्रश्न एकच, पण याचा 'ब' तो त्याचा 'ड'. खाणाखुणा करणाऱ्यांची पंचाईत. याच नादात ती 'वरीलपैकी सर्व' हा पर्याय उचलून सगळ्यात वर नेऊन ठेवते. वर काहीच नाही आणि वरीलपैकी सर्व! तिची हौस पुरवायची असेल, तर तो पर्याय लिहूच नये.

तिच्या पोटात मात्र काही राहत नाही. बरोबर उत्तर लिहिताना शिक्षकाचा हात जपून चालतो : नेमका शब्द, एखादी अट, कंसात खुलासा. चुकीचे पर्याय दोन-दोन शब्दांत उरकतात. पोरं हे आठवड्याभरात ओळखतात. "लांबडं दिसतंय ना, तेच बरोबर," असं चौथीतलं पोर पाचवीतल्याला शिकवतं. चारही पर्याय एका मापाचे शिवले, तरच ती गुपित राखते.

आणि चोखंदळ तर अशी, की शिवरायांचा जन्म कोणत्या किल्ल्यावर झाला, हा प्रश्न जुन्नरमध्ये तिला नको असतो. खिडकीतून शिवनेरी दिसत असताना रायगडावर बोट कोण ठेवेल? ज्या प्रश्नाला सगळेच बरोबर, त्यातून तिला काही कळत नाही. तिला नाणेघाटाचा प्रश्न आवडतो : तिथला सातवाहनांचा शिलालेख कोणत्या लिपीत आहे? ब्राह्मी, मोडी, देवनागरी की प्राकृत? प्राकृत निवडणाऱ्याने लेखाची भाषा ओळखली, लिपीत घसरला. मोडी म्हणणाऱ्याचा काळच चुकला. दोघांच्या चुका सारख्या नाहीत, आणि मूडलमध्ये पहिल्याला अर्धे गुण देण्याची सोयही ती ठेवते.

इथे तिचा खरा जीव सापडतो. बरोबर उत्तर पुस्तकात असतं, ते कोणीही उतरवून काढेल. चुकीचे तीन पर्याय मात्र ज्याने पोरांच्या वह्या तपासल्यात, त्यालाच सुचतात. डिंभे धरण कोणत्या नदीवर आहे? कुकडी, मीना, पुष्पावती, घोड. आंबेगावातलीसुद्धा कितीतरी पोरं कुकडीवर बोट ठेवतात. ती बेफिकीर नसतात. डिंभ्याचं नाव कुकडी प्रकल्पाबरोबर त्यांनी घरीदारी ऐकलेलं असतं. म्हणून त्या पर्यायाखाली शिक्षकाने आधीच लिहून ठेवावं : 'कुकडी हे प्रकल्पाचं नाव. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही त्यातली पाच धरणं. यातलं डिंभ्याचं धरण घोड नदीवर आहे.' पोराने बोट ठेवलं की निकालासोबत हा मजकूर समोर येतो. तांबड्या फुलीपेक्षा हे चार शब्द लाखमोलाचे. ते लिहायचा कंटाळा केला, तर मंजूषेला आपण फक्त गुण मोजायला बसवलं असं होतं.

भीमाशंकरच्या बाजूला डोंगर चढू लागलं की मोबाईलच्या काड्या गळायला लागतात. तिथेही ती जाते. शिक्षकाने आधी परवानगी देऊन ठेवली, तर मूडलच्या ॲपमध्ये ती उतरून घेता येते. रेंज नसताना सोडवायची, आणि खाली बाजारच्या गावी आलं की उत्तरं पाठवायची. हा समजूतदारपणा तिच्या माहेरचा असावा. मूडल तयार करणारे मार्टिन डुजियामास पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी मुलखात वाढले. शाळा इतकी लांब, की लहानपणी त्यांचे धडे रेडिओवरून व्हायचे. त्यांनी २००२ साली मूडल जगाला मोफत दिलं. दूरच्या पोराची अडचण त्यांना पुस्तकात वाचावी लागली नव्हती.

निकालाच्या दिवशी तिला जवळून बघा. वर्गातल्या कोणी कोणत्या पर्यायावर बोट ठेवलं, याचे लहानमोठे पट्टे ती पडद्यावर मांडते आणि गप्प बसते. कुकडीचा पट्टा घोडपेक्षा लांब दिसतो. पुढचं काम खडूचं. बाई फळ्यावर दोन नद्या काढतात, घोडवर डिंभ्याची भिंत, कुकडीवर माणिकडोहची. मग दोन्ही रेघा पूर्वेकडे नेत नेत एका ठिकाणी मिळवतात, कारण पुढे कुकडी घोडलाच जाऊन मिळते. मागच्या बाकावरून आवाज येतो, "म्हणजे बाई, आमचं पाणी तिथं गेलंच होतं की!"

हे उत्तर चार पर्यायांत नव्हतं. पण ते बाहेर काढलं तिनेच.