शिल्लक किती?

रिपोर्ट मोबाइलवर आला तेव्हा विरार लोकल भाईंदरची खाडी ओलांडत होती. ‘एएमएच ०.८’ आणि शेजारी लाल अक्षरांत ‘कमी’. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत हा एक जादा पर्याय होता, मी सहज टिक केलं होतं. वय २८. नायगाव येईपर्यंत मी स्वतःला वांझ ठरवून मोकळी झाले होते.

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयांत साधारण १० ते २० लाख स्त्रीबीजं असतात. वयात येईपर्यंत ३-४ लाख उरतात. वाढीला लागलेल्या बीजांभोवतीच्या बारीक पिशव्यांमधून अँटी-म्युलेरियन हार्मोन रक्तात उतरतं, म्हणून त्यावरून शिलकीचा अंदाज बांधतात. पण बीजाची प्रत त्यातून कळत नाही. ती मुख्यतः वयावर ठरते. सर्व्हरवर जागा किती उरली हे दाखवणारा आकडा प्रोग्रॅम नीट चालतोय का हे सांगत नाही, तसंच हे. रोज हेच काम करणारी मी, स्वतःच्या आकड्यापुढे मात्र हे विसरले.

वसईतल्या डॉक्टरांनी आधी विचारलं, ‘‘गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत?’’ त्यांनीही आकडा खाली येतो. मी घेत नव्हते. सोनोग्राफीतही पिशव्या कमीच दिसल्या. ‘‘आयव्हीएफ करायचं झालं तर इंजेक्शनं देऊन किती बीजं मिळतील, याचा अंदाज या चाचणीवरून येतो. एरवी महिन्याला एक बीज पुरतं,’’ त्या म्हणाल्या. अमेरिकेत ३० ते ४४ वयाच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या स्त्रियांचा एक अभ्यास २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कमी एएमएच असलेल्यांना वर्षभरात दिवस जाण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी आढळली नाही.

म्हणजे सगळं आलबेल आहे, असंही नाही. बीजं गोठवून ठेवायची तर एका खेपेत कमी मिळतील. शिवाय आईची पाळी ४१व्या वर्षी गेली, आणि ती लवकर जाणं घराण्यात चालत येऊ शकतं. ‘‘निर्णय उद्याच घ्यायला हवा असं नाही,’’ डॉक्टर म्हणाल्या, ‘‘पण फार लांबवूही नका.’’

मी झाले तेव्हा आई ३३ची होती. तेव्हा तिची ही चाचणी झाली असती, तर तिच्याही कागदावर कदाचित लाल अक्षरं उमटली असती. तिला कुणी मोजलंच नाही.

रविवारी एक स्थळ येणार होतं. शनिवारी रात्री भाजी निवडता निवडता मी आईला विचारलं, ‘‘त्यांना हे सांगायचं का?’’

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘त्यांचं राहू दे. तुला मूल हवंय का, ते आधी सांग.’’

दोन आठवडे मी आकडे वाचत होते. हा प्रश्न मी स्वतःला एकदाही विचारला नव्हता. आईला अजून उत्तर दिलेलं नाही. ती घाई करत नाही.