आधी गाठ, मग झोळ

लेखनव्यवहाराशी निगडित असे जे शब्द आपण रोज वापरतो, त्यांपैकी बरेचसे मुळात बांधण्याचे शब्द आहेत. ग्रंथ गुंफला जातो, सूत्र म्हणजे दोरा, प्रबंध आणि निबंध यांत तर 'बंध' उघडच दिसतो. वर्गात ही व्युत्पत्ती आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत आणि विद्यार्थी ती उतरवून घेत आले आहेत. मात्र बांधणे ही क्रिया म्हणजे नेमके काय, याचा विचार आम्हांला करायला लावला तो दुर्बिणीच्या तारांनी.

आम्ही दोघे पुण्यात मराठी शिकवतो आणि आभाळ निरभ्र असेल त्या रात्री ताऱ्यांची छायाचित्रे घेतो. या शहराला हा नाद नवा नाही. ज्योतिर्विद्या परिसंस्था येथे १९४४ पासून आहे. त्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, इथल्या सायन्स कॉलेजात कावसजी दादाभाई नायगमवाला यांची महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी नायगमवाला आपले सारे साहित्य घेऊन सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले होते. ('साहित्य' या शब्दाचा हा दुसरा अर्थ आमच्या विषयात सहसा विसरला जातो.) त्या काळच्या दुर्बिणी बहुधा वजनाच्या ओढीवर चालणाऱ्या घड्याळयंत्राने फिरत, विजेच्या तारांचा प्रश्न जवळजवळ नव्हताच. आज मुख्य प्रश्न तोच आहे.

आमच्या लहानशा दुर्बिणीला सहा तारा लागतात: कॅमेऱ्याच्या माहितीची एक, त्याला थंड ठेवणाऱ्या विजेची दुसरी, मार्गदर्शक कॅमेऱ्याची तिसरी, फोकस साधणाऱ्या मोटरची चौथी, भिंगावर दव धरू नये म्हणून गुंडाळलेल्या ऊबदार पट्टीची पाचवी आणि दुर्बीण फिरवणाऱ्या बैठकीची सहावी. पृथ्वीच्या परिवलनामुळे तारे दर सेकंदाला सुमारे १५ विकला सरकतात. बैठकीचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे, म्हणजे पुण्यात क्षितिजापासून साधारण साडेअठरा अंश उंचीवर रोखलेला असतो आणि त्याभोवती दुर्बीण ताऱ्यांच्या गतीने वळत राहते. पाच मिनिटांच्या एका छायाचित्रात ती दोन विकलांनी जरी हलली, तरी वाटोळा तारा लांबट होतो. दोन विकला म्हणजे सात मीटरवर धरलेल्या केसाची जाडी. थंडीत ताठरलेली एखादी तार एवढी ओढ सहज देऊ शकते.

आणि ज्याचे छायाचित्र घ्यायचे, तो मृगातला तेजोमेघ सुमारे १३०० प्रकाशवर्षे दूर आहे. त्याचा आज पोहोचणारा प्रकाश निघाला तेव्हा अक्षीचा शिलालेख (इ. स. १०१२) कोरला जायला काही शतके अवकाश होता. इतका प्रवास करून आलेला प्रकाश अखेरच्या हातभर अंतरात एका तारेच्या ओढीने विस्कटावा, हे मनाला लागते.

आमचा एम. ए.चा एक विद्यार्थी एकदा तोरण्याच्या बाजूला आमच्यासोबत आला होता. त्याचे वडील वायरमन. सुट्टीत तोही त्यांच्या हाताखाली काम करतो. आमची मांडणी त्याने बॅटरीच्या उजेडात निरखून पाहिली आणि म्हणाला, "मॅडम, वायर आधी कुठेतरी पक्की धरायची, मग झोळ ठेवायचा. नुसता झोळ ठेवलात तर सगळं वजन पिनेवर येतं."

या दोन वाक्यांत सारे शास्त्र आले आहे. तार कॅमेऱ्यात जिथे शिरते, त्याच्या चार बोटे अलीकडे ती दुर्बिणीच्या अंगाशी पट्ट्याने घट्ट बांधावी. म्हणजे ओढ बसली तरी ती पट्ट्यावर बसते, खाचेवर नाही. मग साऱ्या तारांची एक मोळी करून ती बैठकीच्या अक्षाजवळून खाली न्यावी, कारण अक्षाजवळचा भाग सर्वांत कमी फिरतो. झोळ ठेवायचा तो तिथे. अंधार पडण्यापूर्वी दुर्बीण हाताने पूर्ण फिरवून पाहावी. विशेषतः तारा याम्योत्तरवृत्त ओलांडतो तेव्हा दुर्बीण बैठकीच्या एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला पलटते. त्या वेळी सैल तार एखाद्या स्क्रूत अडकते आणि आखूड तार तुटते.

नारायणगावजवळच्या खोडदला हेच तत्त्व विराट रूपात नांदते. तिथल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० ताटल्यांपैकी चौदा साधारण एक चौरस किलोमीटरात आहेत आणि उरलेल्या सोळा तीन भुजांवर दूरवर विखुरल्या आहेत. प्रत्येकीचे संकेत जमिनीत पुरलेल्या प्रकाशतंतूंतून मध्यवर्ती इमारतीत येतात. ताटल्याही भरीव नाहीत; ताणलेल्या पोलादी दोरांवर तारेची जाळी बसवण्याची गोविंद स्वरूप यांची ती कल्पना. वारा जाळीतून निघून जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवता आला. मात्र ताटली एकाच दिशेला कायम फिरत राहू शकत नाही. आतल्या तारांना पीळ बसतो, म्हणून ठरावीक मर्यादेनंतर ती उलट फिरवून आणावी लागते.

त्या विद्यार्थ्याच्या घरी 'मराठी करून काय होणार' हा प्रश्न अधूनमधून निघतोच. वडिलांनी सांगितले आहे, एम. ए. पूर्ण कर, परवाना आहेच. बाहेरून पाहणाऱ्याला ही अट वाटेल. आम्हांला ती पक्की धरलेली तार वाटते. मागे गाठ आहे म्हणून त्या मुलाला दोन वर्षांचा झोळ परवडतो.

आमच्या दोघांतील एकाची नेमणूक कायम आहे, दुसऱ्याची तासिका तत्त्वावर. दर जूनला नवी नेमणूक, तासांवर मोजलेले मानधन आणि उन्हाळ्यात काहीच नाही. या व्यवस्थेला कुणी 'लवचिक' म्हणतात. एका टोकाला गाठच नसलेली तार लवचिक नसते, लोंबकळत असते, आणि तिचे सारे वजन नाजूक पिनेवर येते. ती पीन म्हणजे शिकवणारा माणूस. वर्गात त्याचे वाक्य कधी तुटत नाही, म्हणून ही ओढ कुणाच्या ध्यानात येत नाही.

चांगल्या छायाचित्रातही तारा दिसत नाहीत. तारे वाटोळे आले, एवढीच त्यांची खूण. यंदाच्या हिवाळ्यात आम्ही छोटा संगणक आणि वीजवाटपाची पेटी दुर्बिणीवरच चढवली. आता जमिनीपर्यंत एकच तार येते, तीही जाड, कारण बारीक तारेत बारा व्होल्टांपैकी एखादा वाटेतच संपतो. त्या एका तारेला झोळ आहे आणि वर पक्की गाठ आहे. नेमणुकीच्या कागदावर तशी गाठ मारणे आमच्या हातात नाही. ती कुठे मारायला हवी, एवढे मात्र आता बोट ठेवून दाखवता येते.